टाका दिसला पाहिजे

गेल्या महिन्यात एका सोमवारी कार्यालयात येऊन बसलो आणि पाहतो तर माझ्या टेबलावरच्या झाडाला कुणीतरी पाणी घातलेले. शनिवार-रविवारची सुट्टी, झाड बिचारे सुकत असेल, अशा कळवळ्याने घातले असणार. करवंटीच्या कुंडीतून पाणी झिरपून खालच्या फायलीच्या पुठ्ठ्यावर गोल डाग पडला होता आणि पानांच्या पिवळ्या कडेवर हिरव्या दोऱ्याचा रंग उतरला होता. वाचकांना उलगडा व्हावा म्हणून सांगतो, हे झाड फेल्टच्या कापडाचे आहे. त्याची पाने मी कापली, शिवली आणि त्यांच्या पोटात तार घालून करवंटीत उभी केली. त्याला पाणी लागत नाही, ऊन लागत नाही आणि खरे सांगायचे तर मीही लागत नाही.

आधी हसू आले. मग, लपवत नाही, अभिमान वाटला. माझ्या हातचे झाड पाहून माणूस फसले! दिवसभर ही गोष्ट मी चार टेबलांवर जाऊन सांगितली. संध्याकाळी घरी गेल्यावर आईलाही सांगितली. ती हसेल असे वाटले होते. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे तुजो टांको दिसना तर." तुझा टाका दिसत नाही तर! एवढे बोलून तिने पुढची मूठ सुपात घेतली.

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. आज लिहायला बसलो आहे त्याचे कारण तेच.

मुळात एका सरकारी कारकुनाने सुई-दोरा हातात का धरावा, हे आधी सांगायला हवे. वडील गेल्यावर आम्ही आईला सत्तरीतल्या गावाहून पर्वरीला आणले. गावच्या घराला पुढे अंगण, मागे परसू. परसातून आणायचे म्हटले तर तिने काय काय आणावे? तुळस, आबोली, मोगरी, अनंत, ओव्याची पाने, गवती चहा अशा अकरा कुंड्या तिने टेम्पोत आपल्या पायाशी ठेवून आणल्या. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. एका खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, दुसरीतून दुपारी चारच्या सुमारास अर्धा तास ऊन येते. वर्षभरात एकेक झाड गेले. कुंडी रिकामी झाली की आई ती बाल्कनीत पालथी घालून ठेवायची. काही बोलायची नाही. अकरा कुंड्या पालथ्या झाल्या त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवले की आपण आईला घरी आणले ते पुरते आणलेच नाही.

पुढे तिच्या डोळ्यांचे मोतिबिंदूचे ऑपरेशन झाले. मे महिन्यात भाची राहायला आली, ती रंगीत फेल्टचे तुकडे घेऊन. मोबाइलवर बघून तिने एक निवडुंग शिवायला घेतला, अर्धा केला आणि सुट्टी संपल्यावर अर्धाच टाकून गेली. अर्धवट काम आईला बघवत नाही. मुक्तीनंतर गावात मराठी शाळा निघाली त्यात ती चौथीपर्यंत शिकली आणि शिवणाच्या बाईंनी शिकवलेले टाके तिने एका मांजरपाटाच्या तुकड्यावर ओळीने घालून ठेवले होते. तो तुकडा तिच्या पेटीच्या तळाशी निघाला. धावदोरा, उलटी टीप, साखळी, दांडी टाका, काजाचा टाका, गाठीचा टाका. टाके तिच्या हाताला आठवत होते, फक्त सुईचे नेढे दिसत नव्हते. म्हणून रोज रात्री जेवणानंतर दोरा ओवून द्यायचे काम माझ्याकडे आले. दोरा ओवता ओवता मीच कधी शिवायला लागलो ते कळले नाही.

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना हे कळल्यावर ते म्हणाले, "काय हो, आता बांगड्याही भरा!" त्यांना मी एवढेच विचारले की तुमची पँट कोण शिवतो? शिंपी पुरुष असलेला चालतो, काश्मीरच्या शालींवरचे बारीक सोझनीचे काम मुख्यतः पुरुषच करत आले तेही चालते. पैसे घेऊन शिवले की कसब, घरी बसून शिवले की बायकी काम, अशी ही विभागणी आहे. वीस वर्षे मी फायलींना सुतळीने टाके घालत आलो, तेव्हा मात्र कुणी काही म्हणाले नाही. उलटी टीप आणि कार्यालयीन टीप यांत तर मला फारसा फरकही दिसत नाही. दोन्हींत एक पाऊल मागे गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

असो. आता फेल्ट म्हणजे काय ते पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्याच्यावरच उभा आहे.

आपण नेसतो ते कापड विणलेले असते, त्याला उभा आणि आडवा धागा असतो. फेल्टला धागाच नाही. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. लोकर ओली करून, ऊब देऊन, चोळून दाबली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि त्याचे जाड, सलग कापड होते. काश्मिरात आणि कच्छमध्ये त्याचे नमदे करतात. तुम्हा-आम्हाला फेल्ट ठाऊक असते ते हार्मोनियममुळे. पट्टी दाबल्यावर खट् असा आवाज येऊ नये म्हणून पट्ट्यांखाली फेल्ट बसवलेले असते. म्हणजे गोव्यातल्या भजनात फेल्ट पूर्वीपासून आहे, फक्त ते कुणाला ऐकू येत नाही!

धागाच नसल्यामुळे फेल्ट कापले की त्याची कड उसवत नाही. पानाला हाच गुण लागतो. सुती कापडाचे पान कापले तर कड दुमडून शिवावी लागते आणि पान राहते बाजूला, त्याची उशी होते. फेल्टचे पान कापल्या कापल्या पान असते. हे कळलेली माणसे फार जुनी आहेत. अल्ताय पर्वतात पाझिरिक येथे बर्फात गोठून राहिलेल्या थडग्यांमध्ये फेल्ट कापून आणि शिवून केलेले हंस सापडले. ते सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीचे आहेत आणि आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. तेव्हा ही मोबाइलवरून आलेली फॅशन आहे असे कुणी म्हणू नये. मोबाइलवरून आला तो फक्त निवडुंग.

करण्याची रीत अगदी सोपी आहे. पानाचा आकार आधी कागदावर काढून कापायचा, तो फेल्टवर ठेवून दोन पाने कापायची. वरच्या पानावर शिरा भरून घ्यायच्या. मधली शीर दांडी टाक्याने, बाजूच्या शिरा उलट्या टिपेने. सहा पदरी दोऱ्याचे दोन पदर पुरतात, तीन घेतले तर शीर ठसठशीत येते. मग दोन पानांच्या मध्ये तार ठेवून कडेने काजाचा टाका घालत यायचे आणि देठाशी तार थोडी बाहेर सोडायची. करवंटीत वाळू भरायची, पाने रोवायची आणि वर तपकिरी फेल्टची गोल चकती माती म्हणून बसवायची. इस्त्री जपून करावी. बाजारात मिळणारे बहुतेक फेल्ट पॉलिएस्टरचे असते, ते गरम इस्त्रीखाली आकसते आणि चिकटते. दुसरी गोष्ट आपल्या हवेची. मी पहिल्या झाडाला साधी लोखंडी तार घातली. एका पावसाळ्यात ती गंजली आणि पानांवर तांबूस डाग उमटले. आई म्हणाली, "आतां खरें पान कशें दिसता. करपा पडला!" तेव्हापासून तांब्याची तार वापरतो.

इथपर्यंत सगळे हातकाम. खरा प्रश्न पुढे आला.

पहिल्या दोन महिन्यांत मी मोबाइलवर दिसेल ते केले. निवडुंग झाला, मोठी भोके असलेल्या पानांचा मॉन्स्टेरा झाला, कार्यालयासाठी पिवळ्या कडेचा स्नेक प्लांट झाला. असेच एक पान शिवून आईला दाखवले. तिने ते उलटसुलट केले आणि विचारले, "हें खंयच्या झाडाचें?" मला सांगता येईना. पान सुंदर होते, हिरवे होते, त्याला शिरा होत्या, पण ते कोणत्याच झाडाचे नव्हते. चित्रातल्या पानाचे चित्र होते ते. आई म्हणाली, "मग तेरें कर. तेरें तरी म्हाका खबर आसा."

तेरें, म्हणजे आपले रानटी अळू. जन्मभर त्याची भाजी खाल्ली. कागदावर पान काढायला बसलो तेव्हा लक्षात आले की देठ पानाला कुठे जोडलेला असतो हे मला माहीत नाही. मी आपला बदामाच्या आकाराच्या खाचेत देठ काढला. आई म्हणाली, तिथे नव्हे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कार्यालयाजवळच्या एका गटाराच्या कडेला अळू दिसले, वाकून पाहिले. देठ पानाच्या खाचेत नसतो. तो पानाच्या पाठीला, खाचेपासून आतल्या बाजूला, छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला असतो आणि त्या बिंदूपासून शिरा चहूकडे जातात. पंचेचाळीस वर्षे जे पान खाल्ले ते मी पहिल्यांदा पाहिले, तेही कापडाचे करायचे म्हणून.

मग नादच लागला. तुळशीची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि वरची जोडी खालच्या जोडीला आडवी असते, म्हणून तुळस वरून पाहिली तर फुलीसारखी दिसते. जास्वंदीची पाने जोडीने येत नाहीत, एक या बाजूला, एक त्या बाजूला. आबोलीचे कणीस चौधारी असते आणि फुले खालून वर उमलत जातात. या गोष्टी कुठल्याही पाठ्यपुस्तकात असतील. मला त्या शिवता शिवता कळल्या, कारण चुकीचे ठिकाण निवडले की टाका उसवावा लागतो. उसवलेला टाका माणूस विसरत नाही.

मधल्या सुट्टीत मी कधी कधी पणजीच्या गार्सिया द ओर्ता बागेत जाऊन बसतो. ज्याच्या नावाची ही बाग, त्या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवरचा आपला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. दुरून आलेल्या माणसाने आपली झाडे नीट पाहिली, आणि आपण त्याच्या नावाच्या बागेत बसून मोबाइलवर दुसऱ्याच देशातली झाडे पाहतो. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाच्या बाईंनी १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागद कापून फुलझाडांची चित्रे करायला घेतली. समोर खरे झाड ठेवायचे, पाकळ्या मोजायच्या आणि कात्रीने तशाच कापायच्या. नजर अधू होईपर्यंत दहा वर्षे त्या हेच करत राहिल्या. त्यांची ९८५ चित्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बाई आयुष्यभर भरतकाम करत आल्या होत्या, हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. खोटे झाड करायला बसलेल्या माणसाला खरे झाड पाहावेच लागते.

आता आक्षेपांकडे येतो. ते मला तोंडावर सांगितले गेले आहेत आणि त्यांत तथ्य नाही असे नाही.

पहिला आक्षेप असा की खरे झाड हवा शुद्ध करते, तुमचे कापडी झाड काय करते? या समजुतीचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ सालच्या प्रयोगांत आहे. पण ते प्रयोग बंदिस्त पेटीत केले होते. आपल्या खोलीला दारे असतात, खिडक्या असतात, हवा येत-जात असते. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१९ साली अशा प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. खिडकीतून होते तेवढे शुद्धीकरण झाडांकडून करवून घ्यायचे तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील, असे त्यांना आढळले. तेवढी झाडे ठेवली तर कार्यालयात कारकून मावायचे नाहीत. झाड घरात ठेवतो ते हवेसाठी नाही, डोळ्यांसाठी आणि मनासाठी. त्या बाबतीत माझी करवंटी अगदीच टाकाऊ नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. पॉलिएस्टरचे फेल्ट म्हणजे प्लास्टिकच, मग बाजारातल्या प्लास्टिकच्या झाडात आणि तुमच्या झाडात फरक काय? खरे आहे, पॉलिएस्टर हे प्लास्टिकच आहे. मी लोकरीचे फेल्ट शोधले, ते महाग पडते आणि आपल्या दमट हवेत त्याला कसरही लागते. म्हणून आता नियम केला आहे. नवे फेल्ट थोडे घ्यायचे, तुकडा वाया घालवायचा नाही, आणि जुन्या स्वेटरची लोकर किंवा जाड सुती कापड चालत असेल तिथे तेच वापरायचे. पण कच्चा माल एकच म्हणून दोन वस्तू एकच ठरतात, हे मला मान्य नाही. प्लास्टिकच्या झाडाचा सगळा प्रयत्न आपल्याला फसवण्याचा असतो. त्याच्या पानावर दवाचे थेंबसुद्धा चिकटवलेले असतात. ते पाहिल्यावर मनात एकच प्रश्न येतो, खरे की खोटे? खोटे आहे हे कळले की पाहणे संपते. धूळ बसते, पाने फिकी पडतात, एके दिवशी ते कचऱ्यात जाते आणि कुणालाही वाईट वाटत नाही.

हाताने शिवलेले पान पाहिल्यावर वेगळा प्रश्न यायला हवा. कोणी केले? आणि तो यायचा तर टाका दिसला पाहिजे. आईला म्हणायचे होते ते हेच. माझ्या स्नेक प्लांटला मी हिरव्यावर हिरवा दोरा वापरला होता, पिवळ्या कडेवर पिवळा. टाके इतके लपवले होते की चार हात अंतरावरून ते खरे वाटावे. म्हणजे मी बाजारातल्या प्लास्टिकच्या झाडाशीच स्पर्धा करत होतो आणि जिंकलो म्हणून आनंदलो होतो. तांदूळ निवडणाऱ्या बाईने माझा विजय खड्यासारखा उचलून बाजूला ठेवला.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, ती मर्यादा आहे. ती मला आईने घालून दिली आणि आता माझे मत म्हणून मी ती मांडतो.

पालथ्या कुंड्यांपैकी एक तुळशीची होती. तेऱ्याचे पान जमल्यावर मला वाटले, आता फेल्टची तुळस करावी. आईच्या पलंगाजवळच्या खिडकीत राहील, ऊन नको, पाणी नको. फुलीसारख्या जोड्या लावून पाच पेरांची तुळस शिवली, मंजिऱ्यांसाठी जांभळ्या गाठी भरल्या. माझ्या हातून झालेले हे सगळ्यांत चांगले काम. आईने ते हातात घेतले, टाके पाहिले, बरे जमले म्हणाली आणि परत दिले. "तुळस जिवी जाय," ती म्हणाली. "मेल्यार दुसरी लावप." तुळस जिवंतच हवी, मेली तर दुसरी लावायची.

मला आधी थोडे लागले. पण तिचे म्हणणे पुढे पुढे पटत गेले. सोसायटीच्या गच्चीवर कोपऱ्यात एक कुंडी ठेवायला परवानगी मिळवली, त्यात गावाहून आणलेले रोप लावले. आता आई रोज सकाळी तांब्या घेऊन लिफ्टने वर जाते. गच्चीवर आणखी दोघी-तिघी येतात. पावसात तुळस कुजली तर नवीन लावतात, बी कुणाकडून तरी येते. घरात आल्यापासून जी बाई उंबरठा ओलांडत नव्हती तिला एका रोपाने तीन मजले वर नेले. माझ्या फेल्टच्या तुळशीला ते जमले नसते, कारण ती कुणाकडे काही मागत नाही. जी झाडे आपल्याकडे रोज काही मागतात, त्यांच्या जागी काहीच न मागणारे झाड ठेवले तर सोय होते, पण जाते ती आपली उठबस.

हाच न्याय मी माटोळीला लावतो. गोव्यातल्या वाचकांना माटोळी म्हणजे काय ते सांगायला नको. चतुर्थीच्या आधी पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या माटोळीच्या बाजारांत सत्तरीतल्या, काणकोणातल्या, सांग्यातल्या बाया रानातून कांगलां, माट्टी, कवंडळ, घागऱ्यो घेऊन येऊन बसतात. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग, निरफणस हे परसातले, पण बाकीचे रानाचे असते. ते केवणीच्या सालीच्या दोराने बांधायचे असते. गेली काही वर्षे याच बाजारांच्या कडेला प्लास्टिकची फळे आणि पानांच्या प्लास्टिकच्या माळा टांगलेल्या दिसतात. एकदा घ्या, दहा वर्षे लावा. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, प्लास्टिकच्या फळांवर ती आलेली नाही. मला विचाराल तर बंदी यावी अशी वाट पाहण्याचे कारण नाही, आपण ती न घेण्यासारखे साधे काही नाही.

कुणी सुचवेल की मग फेल्टची माटोळी करा, हाताने शिवा, टाके दाखवा. भाचीने सुचवलेच. मी नाही म्हटले. माटोळीची सगळी गंमत तिच्या सुकण्यात आहे. पहिल्या दिवशी कवंडळ लालभडक असते, पाचव्या दिवशी सुरकुतते, सुपारीचा रंग उतरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा कुणालातरी रानात जावे लागते. जाणाऱ्याला कुठले फळ कुठल्या वळणावर मिळते ते ठाऊक असावे लागते. दहा वर्षे टिकणारी माटोळी आली की ती वाट दहा वर्षांत बुजते. नावे त्याच्याही आधी जातात. माझ्या मुलाला घागऱ्यो ओळखता येत नाहीत. दोष त्याचा नाही, मीच त्याला कधी बाजारात नेले नाही. आणि त्या बायांच्या चार दिवसांच्या कमाईचे काय? रानातून डोक्यावर आणलेल्या ओझ्याची जागा एका पिशवीतल्या प्लास्टिकने घेतली, तर नुकसान फक्त परंपरेचे होत नाही, एका घराच्या सणाचे होते.

तेव्हा माझे मत सरळ आहे. जिथे ऊन पोचत नाही तिथे फेल्टचे झाड जरूर असावे. कार्यालयाच्या टेबलावर, रुग्णाच्या खोलीत, आतल्या अंधाऱ्या बोळकांडीत. ते घरच्या माणसाने केलेले असावे, शक्यतो आपल्या परिसरातल्या झाडाचे असावे आणि त्याचा टाका दिसावा. जिथे सजीव झाड लावण्याची रीत आहे आणि लावणे शक्य आहे, तिथे कापडाने त्याची जागा घेऊ नये. आईच्या खिडकीत आता तेरें आहे, आबोली आहे, ओव्याचे पान आहे. सगळी फेल्टची. गावच्या परसातली जी झाडे इथे मेली ती तिने एकेक करून सांगितली आणि मी शिवली. अकरांपैकी सहा झाली. त्यांच्यासाठी तिने बाल्कनीतल्या सहा कुंड्या उलथून सरळ केल्या. तुळस मात्र त्यांत नाही, ती वर गच्चीवर आहे.

भिजलेला स्नेक प्लांट मी घरी आणून वाळवला. पिवळ्या कडेवर उतरलेला हिरवा रंग काही गेला नाही. आई म्हणाली, तांबडा दोरा घे. काजाच्या टाक्याची सगळी कड उसवून मी तांबड्या दोऱ्याने पुन्हा घातली, तीन पदरी, टाके थोडे लांब लांब. कुठलाही स्नेक प्लांट असा नसतो. दोन रात्री लागल्या.

सोमवारी तो पुन्हा टेबलावर ठेवला. सकाळी लादी पुसायला येणारी बाय त्याच्यापाशी थांबली, वाकून पाहिले आणि एक बोट कडेवरून फिरवले. पाणी तिनेच घातले होते, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले. लाजून हसली. मग म्हणाली, "कोणें शिंवलें हें?"

मी म्हटले, "मी." तिचा विश्वास बसला नाही. पुढच्या आठवड्यात तिच्यासाठी एक करून द्यायचे कबूल केले आहे. तिला आबोली हवी आहे.